हाताला कळायला हवं

आपण दिवसभरात सर्वांत जास्त वेळा हाताळतो अशी वस्तू कोणती, असं विचारलं तर आज बहुतेक जण मोबाइल म्हणतील. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्याचं उत्तर नाणं असं आलं असतं, आणि एसटीचा कंडक्टर, मंडईतली भाजीवाली, देवळाबाहेरचा फुलवाला यांच्यापुरतं ते आजही बरंचसं खरं आहे. वस्तूंच्या रचनेवर लिहिणारे लोक मात्र नाण्याकडे फारसे वळत नाहीत. ते खुर्चीवर लिहितात, किटलीवर लिहितात, फोनवर तर पोथ्याच्या पोथ्या लिहितात. नाण्याला जाहिरात नसते, दुकान नसतं, आणि आवडलं नाही तर दुसऱ्या कंपनीचं आणू म्हणण्याची सोयही नसते. नेमक्या याच कारणासाठी मला ते तपासायला चांगलं वाटतं. गिऱ्हाईक कुठेच जाऊ शकत नाही हे ठाऊक असताना वस्तू घडवणारा त्याचा किती विचार करतो, हे नाण्यात लपून राहत नाही.

१ एप्रिल १९५७ या दिवशी भारताने दशमान नाणी स्वीकारली. तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होत्या. एका सकाळी त्याच रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं अशा देशात हा बदल पचला, त्यामागे मोठा प्रचार होता, हिशोबाची कोष्टकं होती. पण नाण्यांच्या अंगचाही काही गुण होता. पाच पैसे चौकोनी. दहा पैसे पाकळ्यांचे. दोन पैसेही पाकळ्यांचेच, पण चांगलेच लहान. १९६४ मध्ये आलेले तीन पैसे षटकोनी. पुढे अ‍ॅल्युमिनियमचा एक पैसा चौकोनी, इतका हलका की वाऱ्याने उडेल असं लोक म्हणत. वीस पैशांचं अ‍ॅल्युमिनियमचं नाणं पुन्हा षटकोनी. पावली आणि अधेली गोल राहिल्या. नाणी टेबलावर मांडली तर हा सगळा पसारा विस्कळीत दिसतो, जणू पाच वेगवेगळ्या देशांची चिल्लर एकत्र झाली आहे. कंडक्टरच्या चामडी पिशवीत मात्र हाच विस्कळीतपणा कामाचा होता. खच्चून भरलेल्या गाडीत, एक हात दांडीला, नजर प्रवाशाच्या तोंडाकडे, आणि दुसऱ्या हाताची बोटं पिशवीत न बघता बरोबर मोड काढत.

ही युक्ती दशमान पद्धतीची नव्हती. इंग्रजी अमदानीतला आणा बारा पाकळ्यांचा होता आणि चवली चौकोनी. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा, १९४३ पासून, पैशाच्या मधोमध भोक पाडलं गेलं. धातू वाचला आणि वर एक असं नाणं तयार झालं की ते आंधळ्या कोठीतही ओळखता यावं. काटकसर आणि सोय यांचं वैर असतंच असं म्हणणाऱ्यांनी तो भोकाचा पैसा एकदा हातात घेऊन पाहावा.

१९८८ मध्ये दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची पोलादी नाणी आली आणि १९९२ मध्ये रुपयाही पोलादी झाला. चारही गोल, चारही पांढरी. तरी त्यांच्यात एक शिस्त होती : १६, १९, २२ आणि २५ मिलिमीटर, म्हणजे किंमत वाढेल तसा व्यास तीन-तीन मिलिमीटरने वाढत जाणारा. तांबे-निकेलचा दोन रुपये अकरा कोनांचा, पाच रुपये लहान पण जाडजूड. १९९२ ते २००४ या काळातला हा संच मला आपल्याकडचा सर्वांत समजूतदार संच वाटतो. मोठमोठ्या प्रदर्शनांत त्याला कोणी बक्षीस दिलं नसतं, पण ज्यांना रोज शेकडो नाणी मोजावी लागत त्यांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आणि वापरातल्या वस्तूला मिळणारं प्रशस्तिपत्र बहुधा असंच मुकं असतं.

मग दोन रुपयांचे कोन गेले. ते नाणं पोलादी झालं, गोल झालं, आणि रुपयापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटरने मोठं उरलं. पोलाद तांबे-निकेलपेक्षा स्वस्त, यात वाद नाही. परंतु धातू बदलल्यावर हाताला खूण ठेवण्याचे सगळे मार्ग बंद होतात असं नाही. जाडी असते, कडेवरच्या रेघा असतात, व्यासातलं अंतर असतं. दृष्टिहीनांकडून तक्रारी आल्या : रुपया कोणता आणि दोन रुपये कोणते हे कळत नाही. २००७ मध्ये त्यावर जे उत्तर निघालं ते फार बोलकं आहे. रुपयावर उंचावलेला अंगठा आणि दोन रुपयांवर दोन बोटं. अंक वाचता न येणाऱ्यालाही चित्रावरून कळावं, ही कल्पना कागदावर गोड आहे. नृत्यातल्या मुद्रा, भारतीयपण, साधी रेष, सगळं जमून आलेलं. फक्त चित्र बघावं लागतं. खिशात बोटं घातलेल्या माणसाला, अंधारात रिक्षाचं भाडं देणाऱ्याला, पिशवीत हात असलेल्या कंडक्टरला ते दिसत नाही. नाण्याचा वापर जिथे होतो ती जागा सोडून दुसऱ्याच जागेवरचा प्रश्न सोडवला गेला होता.

याहून विलक्षण प्रकार २०११ मधला. त्या जुलैत रुपयाचं नवं चिन्ह असलेली नाणी आली. नवा रुपया २२ मिलिमीटरचा झाला, म्हणजे जुन्या आठ आण्यांएवढा. नवे दोन रुपये २५ मिलिमीटरचे, म्हणजे जुन्या पोलादी रुपयाएवढे, वजनही तेच. नवे आठ आणे १९ मिलिमीटरचे, म्हणजे नुकत्याच चलनातून गेलेल्या चार आण्यांएवढे. ही तिन्ही नाणी एकेक पायरी खाली सरकली. नव्या संचाकडे एकटं पाहिलं तर काही चूक दिसत नाही, उतरंड नीट आहे. पण नाणी एकटी नसतात. टाकसाळीतून निघालेलं नाणं सरळ अशा गल्ल्यात जाऊन पडतं जिथे त्याचे वडील आणि आजोबा आधीच बसलेले आहेत. वर्षानुवर्षं ज्या आकारमानाला हात 'रुपया' म्हणत आला, त्याच आकारमानाचे आता दोन रुपये झाले. हाताची सवय ही टाकसाळीच्या हिशोबात कुठल्या रकान्यात लिहायची, हे बहुधा कुणाला सुचलं नसावं.

इथे मला माझं मुख्य म्हणणं मांडायचं आहे. साधेपणा म्हणून आपल्याला जे विकलं जातं ते पुष्कळदा सारखेपणा असतं. सगळी नाणी गोल, सगळी एकाच धातूची, सगळ्यांवर एकाच घाटाची अक्षरं : छायाचित्रात हा संच नेटका दिसतो. घडवायला सोपा, साठवायला सोपा, साहेबांना दाखवायला तर फारच सोपा. आणि वापरायला अवघड, कारण वापरणाऱ्याला फरक हवा असतो. दिवाणखान्यातला आठ बटणांचा चकचकीत स्विचबोर्ड घ्या. आठही बटणं हुबेहूब, एका ओळीत, आणि त्या घरात दहा वर्षं राहणारा माणूसही पंखा लावायला जाऊन आधी दोन दिवे पेटवतो. नव्या वॉशिंग मशिनच्या सपाट काळ्या काचेवर बोट फिरवून पाहा. जुन्या यंत्राची खटखट फिरणारी गोल बटणं ओबडधोबड होती, पण कुठे थांबलो ते बोटाला सांगत होती. सपाट काच दिसते सुंदर. तिच्यापुढे दृष्टिहीन माणूस मात्र आपल्याच घरात परका होतो, आणि चश्मा विसरलेली आजीही.

लॅरी टेस्लर नावाचे संगणकतज्ज्ञ झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात आणि पुढे अ‍ॅपलमध्ये होते. कापा-चिकटवा ही आज सर्वांच्या हाताखालची सोय घडवणाऱ्यांपैकी ते एक. त्यांचा एक सिद्धान्त प्रसिद्ध आहे : कोणत्याही कामात एक ठरावीक गुंतागुंत असतेच, ती नाहीशी करता येत नाही, ती घडवणाऱ्याने सोसायची की वापरणाऱ्याने, एवढंच ठरवता येतं. नाण्याला हे तंतोतंत लागू पडतं. अकरा कोनांचं नाणं पाडण्याची कटकट टाकसाळीची होती. ते गोल केल्यावर कटकट संपली नाही, कंडक्टरच्या बोटांवर गेली. टाकसाळीचा खर्च ताळेबंदात दिसतो. लाखो लोकांनी दिवसातून पाच वेळा नाणं उजेडात धरून पाहण्यात घालवलेले क्षण कुठल्याच ताळेबंदात दिसत नाहीत, म्हणून ते फुकट समजले जातात.

त्यात आणखी एक गोम आहे. वस्तू वापरता आली नाही की माणूस वस्तूला दोष देत नाही, स्वतःला देतो. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मधल्या आपल्या पुस्तकात या सवयीवर बोट ठेवलं आणि त्यांचं ते पुस्तक रचनाकारांचं पाठ्यपुस्तक झालं. आपल्याकडे ही सवय अधिक खोल आहे, कारण तिला शिक्षणाची आणि इंग्रजीची लाज चिकटलेली आहे. शिवणयंत्राचा धागा डोळे मिटून ओवणारी बाई एटीएमपुढे उभी राहून 'आम्हाला यातलं काय कळतंय' म्हणते आणि मागच्या रांगेतल्या कुणातरी पोराच्या हातात कार्ड देते. पिनसकट. खरं तर तिथे नापास झालेलं असतं यंत्र.

यंत्राची सोय बघता बघता माणसाची कशी राहून जाते याचं एक नाणेबंद उदाहरण अमेरिकेत आहे. १९७९ मध्ये तिथे सुझन बी. अँथनी यांच्या चित्राचा एक डॉलर निघाला. मूळ विचार अकरा कोनांचं नाणं काढण्याचा होता. नाणी टाकून माल देणारी यंत्रं बनवणाऱ्यांनी हरकत घेतली, कारण कोनांचं नाणं त्यांच्या खाचेत नीट घरंगळणार नव्हतं. तडजोड अशी निघाली की नाणं गोल करायचं आणि कोन आतल्या बाजूला नुसते कोरायचे. म्हणजे कोन बघायला राहिले, हाताला राहिले नाहीत. तो डॉलर साडेसव्वीस मिलिमीटरचा, पाव डॉलर साधारण सव्वाचोवीसचा, रंग एकच. लोक डॉलर समजून पाव डॉलर आणि पाव डॉलर समजून डॉलर देऊ लागले, वैतागले, आणि त्यांनी ते नाणं घेणंच सोडलं. कोट्यवधी नाणी तिजोरीत पडून राहिली.

गंमत अशी की या पेचाचं उत्तर दहा वर्षं आधी इंग्लंडमध्ये निघालेलं होतं. १९६९ चं पन्नास पेन्सचं नाणं सात कोनांचं आहे, पण त्याच्या बाजू सरळ नसून किंचित फुगीर आहेत, त्या अशा हिशोबाने की नाणं कसंही फिरवलं तरी त्याची रुंदी तेवढीच राहते. यंत्राच्या खाचेतून ते गोल नाण्यासारखं जातं आणि बोटांना मात्र कोन लागतात. भूमितीचा हा अवघड भाग एकदाच कुणीतरी टेबलावर बसून सोडवला. दुकानात पन्नास पेन्स देणाऱ्या म्हातारीला त्यातलं अक्षरही माहीत असण्याची गरज पडली नाही. साधेपणा मिळवायला डोकं कमी लागतं हा समज इथे पार धुळीला मिळतो.

नोटांकडे वळू. २०१६ नंतर आपल्या नोटा आखूड आणि अरुंद झाल्या. डोळसांसाठी त्यात काही गोष्टी चांगल्या झाल्या हे मान्य करायला हवं. जांभळट शंभर, पिवळी दोनशे, करडी पाचशे, रंग लांबून कळतात. हाताचं काय? नव्या शंभराची लांबी १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. दोन नोटांमध्ये चार मिलिमीटरचं अंतर, आणि रुंदी तिन्हींची एकच. मापपट्टीवर चार मिलिमीटर ठळक दिसतात. घामेजल्या, घडी पडलेल्या, कोपरा दुमडलेल्या नोटेवर ते शोधून पाहावेत. युरोच्या नोटा ठरवताना दृष्टिहीनांच्या संघटनेशी बोलून मापं ठरवली गेली, किंमत वाढते तशी नोट वाढते असा क्रम ठेवला गेला. आपल्याकडे शंभर आणि त्यावरच्या नोटांवर त्रिकोण, वर्तुळ, कडेच्या तिरप्या रेघा अशा उठावदार खुणा आहेत, पण नोट बाजारात फिरून मऊ पडली की उठाव राहतो किती?

मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. नोटांची मापं आणि खुणा सारख्या बदलण्याची गरजच काय, असं न्यायालयाने २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला विचारलं. मला तो प्रश्न कोणत्याही रचनाशास्त्राच्या वर्गात विचारण्याजोगा वाटतो. २०२० च्या जानेवारीत बँकेने 'मनी' नावाचं अ‍ॅप आणलं. फोनचा कॅमेरा नोटेवर धरायचा, फोन किंमत बोलून दाखवतो. बनवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, ते इंटरनेटशिवाय चालतं, आणि ज्यांना उपयोग होतो त्यांना होतो. पण टेस्लर यांच्या हिशोबाने पाहा. नोटेने जे काम स्वतः करायला हवं होतं ते करायला आता स्मार्टफोन हवा, त्यात चार्जिंग हवं, उजेड हवा, आणि गर्दीच्या फलाटावर एका हातात काठी व दुसऱ्यात नोट असताना फोन धरायला तिसरा हात हवा. रचनेतली उणीव भरून काढायला तंत्रज्ञान आणलं की ते तंत्रज्ञान विकत घेण्याचा भार नेमका त्याच्यावर पडतो ज्याच्याशी आधी अन्याय झाला.

एव्हाना कुणी म्हणेल, नाणी-नोटांचं काय घेऊन बसलात, आता सगळं यूपीआय झालं. खुशाल उदाहरण घ्या. ते माझ्याच बाजूचं आहे. २०१६ पूर्वीही एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवता येत होते. त्यासाठी समोरच्याचा खातेक्रमांक हवा, अकरा अक्षरांचा आयएफएससी हवा, नाव आधी नोंदवायला हवं, मग काही वेळ थांबायला हवं. यूपीआयने यातली कुठलीच गुंतागुंत नष्ट केलेली नाही. खाती आहेत, बँका आहेत, त्यांच्यातले हिशोब आहेत. फक्त ते सगळं बँकांच्या यंत्रणांनी आपसात सोसायचं ठरलं आणि गिऱ्हाइकाला एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र आणि एक पिन एवढंच ठेवलं. चहाच्या टपरीपर्यंत ती सोय पोहोचली, ती जाहिरातीने नाही. आणि तरीही टपरीवाल्याची एक अडचण उरली होतीच : दोन्ही हात दुधात असताना पैसे आले की नाही हे बघायचं कसं? शिवाय खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारे महाभाग होतेच. मग रक्कम मोठ्याने सांगणारा डबा आला. 'पंधरा रुपये प्राप्त झाले' ही ओरड कर्णकटू असेल, पण जुनी माणसं रुपया दगडावर वाजवून त्याची खणखण ऐकत, तीच खात्री ती देते. डोळे आणि हात कामात असलेल्या माणसासाठी कान मोकळा असतो, एवढं साधं निरीक्षण त्यामागे आहे.

सारख्या दिसणाऱ्या वस्तूंचा गोंधळ एक, आणि एकाच वस्तूच्या अनेक रूपांचा गोंधळ दुसरा. दहा रुपयांच्या नाण्यावर हा दुसरा प्रयोग झाला. कधी त्यावर पंधरा किरणं, कधी दहा. कधी रुपयाचं चिन्ह, कधी नाही. मधूनमधून कुणाच्या स्मरणार्थ काढलेली विशेष नाणी. गावोगाव अफवा उठली की यातलं एक खोटं आहे, आणि दुकानदार ते नाणं घेईनात. २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही खरे आहेत. शंका असणाऱ्यांसाठी १४४४० हा फोन क्रमांकही दिला गेला. लोकांच्या अडाणीपणावर तेव्हा बरेच लेख आले. मला दुकानदारांचं वागणं अगदी तर्कशुद्ध वाटलं. खरं नाणं एकसारखं असतं हे त्यांना नाण्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं. जिथे फरक हवा तिथे सारखेपणा आणि जिथे सारखेपणा हवा तिथे चौदा फरक, असं केल्यावर लोकांचा विश्वास उडाला तर फोन क्रमांकाने तो कसा परत येणार?

बनावट नोटांच्या भीतीने बदल करावे लागतात, हा यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. तो खरा आहे. पण बनावटगिरी रोखणाऱ्या खुणा, म्हणजे धागा, जलचिन्ह, रंग बदलणारी शाई, या माप न बदलताही बदलता येतात. माप ही वापरणाऱ्याची मालमत्ता समजावी आणि तिला हात लावण्यापूर्वी त्याला विचारावं. दुसरा आक्षेप असा की दृष्टिहीनांची संख्या थोडी, त्यांच्यासाठी सगळ्यांचं नाणं का बदलायचं. याला उत्तर कंडक्टरच्या पिशवीत आहे. अंधारात, गर्दीत, घाईत, चश्म्याशिवाय, कडेवर मूल असताना आपण सगळेच थोडे थोडे दृष्टिहीन असतो. त्यांच्यासाठी केलेली सोय वाया जात नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये निघालेल्या मालिकेत हे कुठेतरी ऐकलं गेलं असावं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा तिच्यात हात होता, आणि दृष्टिहीनांना सोयीची म्हणूनच ती सादर झाली. रुपया २० मिलिमीटर, दोन रुपये २३, पाच २५, दहा २७. किंमत वाढेल तसं नाणं मोठं आणि जड. वीस रुपयांचं नाणं तर बारा कोनांचं आहे. कोन परत आले याचा मला मनापासून आनंद झाला. अडचण तीच जुनी : नवे पाच रुपये २५ मिलिमीटरचे आहेत, जुना पोलादी रुपया २५ चा आहे, २०११ चे दोन रुपये २५ चे आहेत, आणि तिन्ही आज एकाच गल्ल्यात आहेत. पाचाचा पिवळट रंग डोळ्याला मदत करतो, हाताला नाही. नवी मालिका काढणं म्हणजे अर्धंच काम. गोंधळात टाकणारी जुनी मापं बँकांमार्फत हळूहळू परत घेतली नाहीत तर चांगल्या मालिकेचं चांगलेपण वापरात उतरायला एक पिढी जाईल. चार आणे चलनातून काढायला आपण तारीख ठरवू शकलो होतो, ३० जून २०११. तशी एखादी तारीख या सारख्या मापांच्या नाण्यांसाठी ठरवता येईल, आणि पुढची मालिका पाडण्याआधी तिचे नमुने महिनाभर एखाद्या एसटी आगाराच्या कंडक्टरांकडे जुन्या चिल्लरीत मिसळून देता येतील. किती वेळा त्यांना पिशवीत डोकावून पाहावं लागलं, तेवढं विचारलं तरी पुरे.